अनोळखी आकडा, अनोळखी माणूस

(जव्हार येथे झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचे संपादित शब्दांकन. शिबिरात जव्हार, मोखाडा आणि भिवंडी परिसरातील तरुण-तरुणी सहभागी झाले होते.)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, गणित. पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "मॅडम, मुलं येतील ना?" तुम्ही आलात, त्याबद्दल शुक्रिया. आता एक विचारते. गणिताची भीती वाटते, असं कोण कोण म्हणेल? हात वर करा. बरेच हात आहेत. आता दुसरं. कुणीतरी तुमचं नाव ऐकून, टोपी किंवा स्कार्फ पाहून, दोन पावलं मागे सरकलं, असा अनुभव किती जणांना आहे? हेही हात बरेच आहेत. हे दोन प्रश्न मी एकत्र का विचारले, ते सांगायलाच मी आले आहे.

सुरुवात लांबच्या गोष्टीने करते. मे २०१६, अमेरिका. फिलाडेल्फियाहून सिराक्यूजला जाणाऱ्या विमानात ग्विदो मेंझिओ नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक बसले होते. इटलीचे. कुरळे काळे केस, सावळट रंग. एका विद्यापीठात व्याख्यान द्यायला ते निघाले होते आणि वहीत एक समीकरण सोडवत होते. शेजारच्या बाईंना ती चिन्हं ओळखीची वाटेनात आणि माणूसही ओळखीचा वाटेना. त्यांनी विमान कर्मचाऱ्यांकडे संशय कळवला. विमान थांबलं, प्राध्यापकांना खाली उतरवून चौकशी झाली. त्यांनी सांगितलं, हे गणित आहे. सुमारे दोन तास उशिराने विमान उडालं.

ही गोष्ट ऐकून आपण हसतो. हसा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या बाईंच्या मनात दोन अनोळखी गोष्टींची बेरीज झाली, अनोळखी चेहरा आणि अनोळखी लिपी. यातली एक जरी ओळखीची असती तरी विमान वेळेवर गेलं असतं.

आता आकड्यांची गंमत पाहा. शून्याचे नियम आपल्या ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये लिहिले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी या हिंदी अंकांनी हिशेब कसा करायचा यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' आणि त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून 'अल्जिब्रा' हे शब्द आले. आपलं शून्य अरबीत 'सिफ्र' झालं, आणि आपण आजही बोलताना 'सिफर' म्हणतोच. तिथून हे अंक युरोपात गेले आणि अरबी अंक म्हणवले जाऊ लागले. तिथे त्यांचं स्वागत कसं झालं? फ्लॉरेन्स शहरातल्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये जमाखर्चाच्या वहीत हे अंक वापरायला मनाई केली. रक्कम रोमन अंकांत किंवा अक्षरांत लिहा, असा नियम केला. शून्याला शेपटी जोडली की सहा किंवा नऊ होतो, फसवणूक होईल, असं एक कारण सांगितलं जातं. कारण अगदीच खोटं नव्हतं. पण पुढे सगळ्या युरोपचा व्यापार याच अंकांवर चालला.

सातशे वर्षांनी, २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या एका संस्थेने लोकांना साधा प्रश्न विचारला. शाळांमध्ये अरबी अंक शिकवावेत का? ५६ टक्के लोकांनी 'नको' म्हणून सांगितलं. म्हणजे १, २, ३ नकोत! त्या लोकांना अंकांचा राग नव्हता. रोज मोबाइलवर ते तेच अंक दाबतात. त्यांना 'अरबी' हा शब्द अनोळखी आणि धोक्याचा वाटला.

अमेरिकेला हसून झालं. आता घरी येऊ. त्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, महाराष्ट्रात काय झालं आठवतंय? बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचायला दिलं होतं. झालं, मराठी बुडाली म्हणून ओरड सुरू झाली. विधानसभेत चर्चा झाली, मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडला. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंगला नारळीकर, आयुष्यभर गणितात काम केलेल्या. आता त्या हयात नाहीत. त्या समजावून सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, सोबत सोपा मार्ग दिला आहे. 'सत्तावीस' ऐकताना मुलाच्या कानावर आधी सात येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचा, मग सात. लहान मूल इथे अडखळतं आणि ७२ लिहून बसतं. कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी बोलतात, तिथे ही अडचण येत नाही.

उर्दू माध्यमात शिकलेल्यांनी जरा आठवा. 'उनसठ' म्हणजे ५९ की ६९, यात तुमचे किती मार्क गेले? आणि ज्या मुलाच्या घरी वारली किंवा कोकणा बोली आहे, ते मूल पहिलीत येतं तेव्हा 'त्रेपन्न' हा शब्द त्याला कुठून ओळखीचा असणार? खेड्यातल्या आपल्या आज्या 'तीन विसा अन् पाच' म्हणायच्या. ती पासष्टची फोड बारकाईने पाहिली, तर 'वीस सात'पेक्षा फार वेगळी नाही. म्हणजे नवी म्हणून ज्याची टिंगल झाली, त्याची जात आपल्या जुन्या घरातलीच होती. पुस्तक न उघडताच सगळे बोलले. मतभेद असायला हरकत नाही, पण मतभेद वाचून झाल्यावर करायचा असतो.

इथवर फार तर हसं झालं. पण याच भीतीने माणसं मारली जातात. ते आपल्याच जिल्ह्यात घडलं आहे.

१६ एप्रिल २०२०. टाळेबंदी होती. डहाणू तालुक्यातलं गडचिंचले, इथून काही फार लांब नाही. कांदिवलीहून सुरतला, आपल्या गुरूंच्या अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक रात्री तिथे अडवले गेले. काही दिवस भागात अफवा फिरत होत्या. मुलं पळवणारी, किडनी काढून नेणारी टोळी आली आहे, चोर वेश बदलून फिरत आहेत. जमाव जमला. पोलीस पोहोचले, तरी त्यांच्यासमोर तिघांना मारलं गेलं. त्याच्या आदल्याच दिवसांत त्या भागात मदतीला गेलेल्या एका डॉक्टरांवरही असाच हल्ला झाला होता. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना याच संशयावरून ठेचून मारलं होतं.

गडचिंचल्याचे व्हिडिओ बाहेर आले आणि पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. मारणारे कोण, हे कळण्याआधीच काही लोकांनी बोट आपल्याकडे वळवलं. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावं जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. ती यादी वाचून आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. मीसुद्धा सोडला, आणि नंतर मला त्याची लाज वाटली. तीन निरपराध माणसं गेली होती. त्यांच्या मृत्यूच्या बातमीत आपण सगळ्यात आधी आपलं नाव नाही ना, हे शोधत होतो. भीती माणसाला किती आक्रसून टाकते, पाहा.

आता मी माझ्या वर्गात शिकवते तसं हे गणित फळ्यावर मांडते. समजा एका माणसाने अफवा पाच जणांना पाठवली. त्या प्रत्येकाने पुढे पाच जणांना. पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस. सगळे थोडे थोडे वाटतात. आठव्या पायरीला ३ लाख ९० हजार ६२५. नवव्या पायरीला १९ लाख ५३ हजार १२५. दहाव्या पायरीला ९७ लाखांच्या वर. २०११ च्या जनगणनेत या सगळ्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २९ लाख ९० हजार ११६ होती. प्रत्यक्षात एकाच माणसाला तोच मेसेज पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे वेग इतका राहत नाही. पण दहा पायऱ्यांत जिल्हा पालथा घालण्याची ताकद त्यात आहे. एकेका पायरीला पाच मिनिटं धरा. तासाभरात काम झालं!

म्हणूनच २०१८ च्या हत्यांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. एकाचा कितीही वेळा गुणाकार करा, एकच राहतो. हे दुसरीच्या मुलालाही कळतं. तुम्ही मेसेज पुढे पाठवला नाही, तर तुमच्या पुरता तो गुणाकार शून्याने होतो. शून्याची ताकद यापेक्षा सोप्या भाषेत मला सांगता येत नाही.

त्याच काळातला दुसरा आकडा घेऊ. हा आकडा आपल्या काळजात रुतलेला आहे. १८ एप्रिल २०२० ला केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की देशातल्या १४,३७८ कोरोना रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, निजामुद्दीन मरकजशी संबंधित आहेत. भागाकार बरोबर आहे, मी करून पाहिला. आणि प्रामाणिकपणे हेही म्हणते, त्या दिवसांत एवढी माणसं एकत्र ठेवणं चूकच होतं, आणि तिथे संसर्ग झाला होता. पण त्या आकड्यात एक आकडा नव्हता. मरकजशी संबंधित किती जणांची तपासणी केली आणि बाकीच्यांपैकी किती जणांची? तेव्हा तपासण्या मोजक्याच होत होत्या आणि मरकजला गेलेल्यांना, त्यांच्या संपर्कातल्यांना शोधून शोधून तपासलं जात होतं. एकाच तळ्यात जाळं टाकलं तर मासे त्याच तळ्यात सापडणार. म्हणून बाकीच्या तळ्यांत मासे नाहीत, असं म्हणता येत नाही. 'कितीपैकी किती' हा चौथीतला प्रश्न. तो कुणी विचारला नाही आणि गल्लोगल्ली फळवाल्यांची नावं विचारली जाऊ लागली. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं मत नोंदवलं. न्याय झाला, पण चार महिन्यांनी. तोवर कितीतरी हातगाड्या बंद पडल्या होत्या.

आणखी एक आकडा. 'यांना चार बायका आणि पंचवीस मुलं.' २०११ च्या जनगणनेत मुस्लिमांमध्ये दर हजार पुरुषांमागे ९५१ स्त्रिया होत्या. प्रत्येकाने चार लग्नं करायची म्हटली तर ९५१ स्त्रिया २३७ पुरुषांना पुरतील. उरलेल्या साडेसातशेहून जास्त पुरुषांनी काय करायचं? बहुपत्नीत्वाला माझा विरोध आहे. ती प्रथा एका बाईच्या आयुष्यात आली तरी अन्यायच आहे. पण अन्यायाला विरोध करायला खोटा आकडा लागत नाही. मुलांचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ मध्ये मुस्लीम स्त्रीमागे सरासरी ४.४१ मुलं होती. २०१९-२१ मध्ये ती २.३६ झाली. हिंदू स्त्रियांमध्ये ३.३ वरून १.९४. दोन्हीकडे आकडा खाली येतोय आणि आपल्याकडे टक्क्यांत थोडा जास्त वेगाने. अंतर अजून आहे, ते लपवायचं कारण नाही. मुलगी जास्त शिकली की मुलं कमी होतात, हे सगळ्या समाजांत दिसतं. तेव्हा ते अंतर शाळेच्या वाटेने मिटेल.

आता मला तुमच्याशी थोडं अवघड बोलायचं आहे. इतर लोक आपल्याला घाबरतात, हे सांगताना आपली जीभ सैल सुटते. आपण कशाला घाबरतो?

नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावमध्ये गोवरची साथ आली. लहान मुलं दगावली. कोरोनाच्या काळात लसीकरण मागे पडलं, वस्त्यांत आरोग्य सेवा तोकडी, हे खरंच आहे. पण कितीतरी घरांत लस नाकारली गेली, हेही खरं आहे. सुई देणारी बाई अनोळखी, बाटलीतलं औषध अनोळखी, आणि मोबाइलवरची अफवा मात्र मावसभावाने पाठवलेली, म्हणून ओळखीची! इथेही गणित सोपं आहे. कुणालाच लस दिलेली नसेल, तर गोवरचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो. अठरापैकी सतरा जण सुरक्षित असतील, तर एका रुग्णापासून नवा रुग्ण एकच होतो आणि साथ वाढत नाही. अठरापैकी सतरा म्हणजे सुमारे साडेचौऱ्याण्णव टक्के. म्हणून आरोग्य खातं ९५ टक्के मुलांना लस द्या म्हणून मागे लागतं. तो आकडा कुठल्या कटातून आलेला नाही. तो भागाकारातून आला आहे.

दुसरं. अल-ख्वारिझ्मींच्या अल-जब्रच्या ग्रंथाचा मोठा भाग कशावर आहे? मृत्युपत्र आणि वारसा हक्काच्या वाटणीवर. म्हणजे बीजगणिताचं ते पुस्तक वारसांची वाटणीही शिकवत होतं. फळ्यावर लिहिते. बाप गेला. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. जमीन ३२ गुंठे. बायकोला आठवा हिस्सा, ४ गुंठे. उरले २८. त्याचे चार भाग, मुलाला दोन, प्रत्येक मुलीला एक. मुलाला १४, मुलींना सात-सात. बेरीज करा, ३२. मुलीला मुलाच्या निम्मंच का, हा वाद आहे आणि तो वाद आपल्या चळवळीने उघडपणे घालायला हवा. पण आज मी त्याच्याही आधीचं विचारते. ते सात गुंठे तरी तुमच्या फुफूला, तुमच्या आईला मिळाले का? की 'बहिणीने हक्क सोडला' म्हणून कागदावर अंगठा घेतला गेला? घरातल्या बाईला अपूर्णांक कळले तर काय होईल, या भीतीला काय म्हणायचं?

आकडा ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात. हे या मातीला आपल्याहून जास्त माहीत आहे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये वारली समाजातल्या 'लग्नगडी'बद्दल लिहिलं आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. वही सावकाराची, लेखणी सावकाराची, कर्ज कधी फिटलं हे तोच सांगणार. १९४५ मध्ये तलासरी-डहाणू-उंबरगावचे वारली त्याविरुद्ध उभे राहिले. पण गोष्ट संपली नाही. २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यात मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी एका शेतमजुराला वेठबिगार ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. त्या मजुराने जीव दिला होता. पाचशे रुपये!

बाहेरून आलेल्या माणसाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वहीतून लुटलं, त्यांना बाहेरच्या माणसाची भीती का वाटते, हे मला कळतं. त्याने हत्या माफ होत नाही. पण कारण कळल्याशिवाय इलाज होत नाही.

माझा एक अनुभव सांगते आणि थांबते. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, आमच्या भिवंडीच्या आसपासही. पावसाआधी परततात. आम्ही काही शिक्षक रविवारी एका भट्टीवर मुलांना शिकवायला जायचो. पहिल्या रविवारी मी स्कार्फ बांधून, पिशवी घेऊन उतरले, तर एका आईने आपली मुलगी झटकन झोपडीत ओढली. ती आपल्याला मुलं पळवणारी समजली, हे कळायला मला वेळ लागला नाही. खरं सांगते, मलाही भीती वाटली. गडचिंचल्याचे व्हिडिओ मीही पाहिले होते. त्या माणसांविषयी मला तोवर तेवढंच माहीत होतं.

तीन-चार रविवार असेच गेले. मग ती मुलगी आपणहून आली. अकरा-बारा वर्षांची. भागाकार म्हटलं की तोंड लपवायची, "बाई, मना नाय येत." एकदा मी विचारलं, हा विटांचा थर केवढा? तिने नुसतं पाहिलं आणि आकडा सांगितला. मी मोजला, बरोबर होता. लांबीला किती, रुंदीला किती, थर किती, हा गुणाकार ती डोळ्यांनी करत होती. तिला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की यालाच गणित म्हणतात. वारली चित्रं पाहा. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस, वर्तुळातून सूर्य-चंद्र, लग्नघरात भिंतीवर चौरस चौक. ज्या घराच्या भिंतीवर भूमिती आहे, त्या घरातलं मूल शाळेत भूमितीत नापास होतं. दोष मुलाचा म्हणायचा का?

मग आम्ही एक वही घातली. आकडे समजुतीसाठी सांगते. समजा हजार विटांना सातशे रुपये. जोडप्याने हंगामात एक लाख वीस हजार विटा पाडल्या. म्हणजे ८४ हजार. उचल घेतली होती ३० हजार. आठवड्याची खर्ची दीड हजार, वीस आठवडे, म्हणजे आणखी ३० हजार. हातात यायला हवेत २४ हजार. पण वही नसेल तर हंगामाच्या शेवटी सांगितलं जातं, 'तुमच्याकडेच बाकी निघते, पुढच्या वर्षी या.' ती मुलगी रोज संध्याकाळी वडिलांना विचारून विटा लिहू लागली. मग शेजारच्या झोपडीच्याही. ज्या आईने तिला आत ओढलं होतं, ती एका रविवारी मला म्हणाली, "बाई, बसा, चाय घ्या." पोरीची वही तिने उतरंडीतल्या मडक्यात जपून ठेवली होती.

ती वही मधे आली आणि मग माझा स्कार्फ तिला दिसेनासा झाला, तिची बोली मला अडेनाशी झाली. एकत्र बसून काहीतरी मोजलं, एवढंच झालं होतं.

जव्हारचंच बघा. इथल्या सरकारी दवाखान्याचं नाव पतंगशहा कुटीर रुग्णालय. बाहेरून आलेला माणूस 'शहा' वाचून भलताच अंदाज करतो. पण पतंगशहा हे इथल्या मुकणे घराण्याचे, महादेव कोळी राजे. या घराण्यातल्या नेमशहांना चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानाने 'शहा' किताब दिला, असं परंपरा सांगते. तो शब्द इथे इतका मुरला की आज आजारी माणसाला 'पतंगशहाला घेऊन जा' म्हणताना कुणाला तो परका वाटत नाही. अनोळखी गोष्टी अशाच ओळखीच्या होतात. वापरून आणि सोबत राहून.

तर तुम्ही काय करायचं? यापुढे कुठलाही आकडा समोर आला, आपल्या विरुद्धचा असो की आपल्या बाजूचा, तर तीन प्रश्न विचारा. किती? कितीपैकी? कोणी मोजलं? आपल्या बाजूच्या आकड्याला हे तीन प्रश्न विचारणं जास्त अवघड असतं, म्हणून तिथून सुरुवात करा. मुलं पळवल्याचा मेसेज आला तर विचारा, कुठल्या गावचं मूल, कुठल्या ठाण्यात तक्रार? उत्तर नसेल तर तिथेच थांबवा.

आणि भिवंडीच्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी एक काम आहे. या दिवाळीनंतर इथल्या मित्रमैत्रिणींची घरं तुमच्या गावाशेजारी भट्टीवर येतील. एक शंभर पानी वही आणि एक पेन घेऊन जा. पहिल्या दिवशी दार बंद होईल. दुसऱ्या रविवारी पुन्हा जा. इथल्या मुलामुलींनो, तुम्ही आधीच घरी सांगून ठेवा की हे येणार आहेत, ओळखीचे आहेत.

आज जेवणाच्या सुट्टीत एवढंच करा. तुमच्या शेजारी जो अनोळखी बसला आहे, त्याला त्याच्या बोलीत वीसपर्यंत मोजायला सांगा, आणि तुम्ही उर्दूत मोजून दाखवा. कुठे अडलात तर हसा. मी फळ्याजवळच आहे, ज्यांचा भागाकार राहिला आहे त्यांनी या.